वाड्यातली महिरप, मशिदीतला मेहराब

असरची नमाज आटोपली की भद्रकालीकडे जाणारे रस्ते भरू लागतात. दूध बाजारात खजुराचे ढीग लागतात, टरबुजाच्या फोडी कापल्या जातात, कढयांतून भजी निघू लागतात. रोजा असलेले आणि नसलेले, दोघेही त्या गर्दीत असतात. नदीच्या बाजूने येणारे लोक सराफ बाजारातून चढ चढून पुढे जातात आणि त्याच वाटेवर काळ्या दगडाच्या उंच जोत्यावर सरकारवाडा उभा आहे. इफ्तारची वेळ गाठायची असते. त्यामुळे मान वर करून त्याच्याकडे पाहणारा एखादाच.

खरे तर नाशकातल्या जुन्या घरांची गोष्ट समजून घ्यायची तर सुरुवात याच पायऱ्यांपासून करावी लागते. आणि ती सुरुवात नावापासून करणे सोयीचे. ‘सरकार’ हा शब्द फारसी. ‘वाडा’ हा संस्कृतातल्या ‘वाट’, म्हणजे कुंपण घातलेली जागा, यावरून आलेला. दोन्ही शब्द एकमेकांत असे बसले आहेत की सांधा कुठे आहे ते कुणाला जाणवतही नाही. वाड्याच्या मालकांचा इतिहास त्या पहिल्या शब्दात मावतो. मुघल अमलात या शहराचे दप्तरी नाव गुलशनाबाद होते, म्हणजे बागांची वस्ती. अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास शहर पेशव्यांकडे आले आणि नाशिक हे जुने नाव परतले. पण माणसांच्या सवयी एका दिवसात बदलत नाहीत. पेशव्यांच्या काळात नाशिकच्या टांकसाळीत पडलेल्या रुपयांवरही अक्षरे फारसी होती आणि नाव दिल्लीच्या बादशहाचे होते.

पेशवे घराण्याचा या शहराशी संबंध केवळ कारभाराचा नव्हता. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई पुण्याच्या राजकारणाला विटून नाशिक परिसरात राहायला आल्या आणि १७८८ मध्ये इथेच वारल्या. रघुनाथरावांनी शहराबाहेर आनंदवल्लीला वस्ती केली. त्यांच्या मृत्यूनंतर कोपरगावला नजरकैदेत असलेल्या आनंदीबाईंना मुलांसह १७९२ मध्ये आनंदवल्लीला हलवले गेले आणि दोन वर्षांत त्याही गेल्या. पुण्यात हरलेल्यांचे किंवा थकलेल्यांचे शहर म्हणजे नाशिक, असे कुणी म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही. अशा शहरात पेशवे सरकारच्या कामाला साजेशी वास्तू हवी होती. ती म्हणजे हा वाडा.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि वाडा कंपनी सरकारकडे गेला. पुढे राणीचे सरकार, मग मुंबई सरकार, १९६० नंतर महाराष्ट्र सरकार. मालक इतके बदलले, पण वाड्याचे नाव बदलण्याची वेळ कुणावर आली नाही. १८४० मध्ये स्थापन झालेले नाशिकचे सार्वजनिक वाचनालय टिळक पथावरच्या स्वतःच्या इमारतीत जाण्यापूर्वी बराच काळ याच वाड्यात होते. जिथे सरकारचा कारभार चालायचा तिथे नाशिककर पुस्तके बदलून घ्यायला येऊ लागले. वाड्याला लाभलेला हा सगळ्यात चांगला काळ असावा. पोलीस ठाण्यालाही याच वाड्याचे नाव मिळाले, त्यामुळे आज ‘सरकारवाडा’ म्हटले की निम्म्या शहराला आधी पोलीसच आठवतात. सध्या हे राज्य संरक्षित स्मारक आहे आणि पुरातत्त्व विभागाचे कार्यालय इथे आहे.

या पायऱ्यांचे आणखी एक काम आहे, आणि ते कोणत्याही सरकारने नेमून दिलेले नाही. गोदावरीला पूर आला की नाशिककर पाणी मीटरमध्ये मोजत नाहीत. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी, छातीला पाणी, डोके बुडाले. मग नारोशंकराच्या घंटेपर्यंत पाणी. आणि सरकारवाड्याच्या पायऱ्यांना पाणी लागले की तो महापूर. १९६९ चा पूर ज्यांनी पाहिला ते आजही पायऱ्यांच्याच भाषेत बोलतात. २००८ च्या सप्टेंबरात पुन्हा महापूर आला. त्या सप्टेंबरात रमजान चालू होता. महिन्याच्या सुरुवातीला रोजे सुरू झाले होते आणि ईद ऑक्टोबर उजाडल्यावर आली. सराफ बाजार, भांडी बाजार आणि नदीकाठचे मोहल्ले सगळे एकाच पाण्यात होते.

विटेच्या घराला पुराचे पाणी चढताना जितके मारते त्याहून उतरताना जास्त मारते. पाणी भिंतीत मुरते, आतला मातीचा गारा मऊ होतो, पाणी ओसरले की भिंत स्वतःच्याच वजनाने खाली बसते. जुन्या नाशकात पूर गेल्यावर आठवड्याने पडलेल्या भिंतींचे किस्से म्हणून ऐकायला मिळतात. सरकारवाडा तगला याचे बरेचसे श्रेय त्याच्या जोत्याला आहे. घडीव काळ्या पाषाणाचे उंच जोते, त्यावर तळखड्यांवर उभे केलेले सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट. सगळा भार या लाकडी सांगाड्यावर येतो. वीट या सांगाड्याला अंग देते. बाहेरच्या बाजूला चुन्यात बसवलेली पातळ भाजकी वीट, आत पांढरी माती. भिंत दोन-अडीच फुटांची. त्या जाडीतच कोनाडे, फडताळे आणि कित्येक वाड्यांत चक्क जिनासुद्धा असतो. वर चढणारा माणूस भिंतीच्या पोटातून चढतो.

विटेचा मान आपल्याकडे तसा दुसऱ्या क्रमांकाचा. पुण्याच्या शनिवारवाड्याबद्दल सांगतात की दगडी गढी बांधण्याचा मान छत्रपतींचाच, अशी हरकत आल्यावर वरचे मजले विटेचे केले गेले. १८२८ च्या आगीत ते सगळे गेले आणि दगडी तटबंदी राहिली. म्हणून आज दगड दिसतो आणि वाडा दगडाचाच होता असे वाटते. पण ज्या महाराष्ट्राचे दैवत विटेवर उभे आहे त्याने विटेला कमी लेखू नये. फारसीत विटेला ‘खिश्त’ म्हणतात. संस्कृतातली ‘इष्टका’, जिच्यापासून आपली ‘वीट’ आली, ती आणि ही खिश्त मूळच्या सख्ख्या बहिणी आहेत. भाषाशास्त्रज्ञांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे, गवंड्यांना कदाचित त्याहून आधीपासून.

रमजानच्या निमित्ताने आणखी एक विटेची वास्तू आठवते. मदिनेत प्रेषित मुहम्मद पैगंबरांनी जी मशीद उभारली तिचा पाया दगडाचा होता, भिंती उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या, खांब खजुराच्या बुंध्यांचे आणि छपर खजुराच्या झावळ्यांचे. सोबत्यांच्या बरोबरीने पैगंबरांनी स्वतः विटा वाहिल्या. हदीसमध्ये एक प्रसंग येतो. रमजानच्या शेवटच्या दहा रात्रींपैकी एका रात्री पाऊस झाला, छपर गळले, जमिनीवर चिखल झाला आणि पैगंबरांनी त्या चिखलातच सजदा केला. सकाळी लोकांनी त्यांच्या कपाळाला ओली माती लागलेली पाहिली. शब-ए-कद्र, म्हणजे रमजानमधली सर्वांत मोलाची रात्र, तिची खूण म्हणून हा प्रसंग सांगितला जातो. दगडी पाया, मातीच्या विटा, लाकडाचे खांब आणि गळणारे छपर. जुन्या नाशकात पावसाळा काढलेल्या कोणत्याही माणसाला हे वर्णन परके वाटणार नाही.

आता वाड्याच्या आत येऊ. चौकाभोवतीचे खांब पाहिले तर ते सरळ दांड्यासारखे नसतात. खाली फुगीर, वर निमुळते होत गेलेले असतात. यांना सुरूचे खांब म्हणतात. सुरू म्हणजे फारसीतले ‘सर्व’, इराणी बागेतले ते उंच सडपातळ झाड. शाहजहानच्या काळात आग्रा-दिल्लीच्या महालांत अशा फुगीर बुडाच्या खांबांना बहर आला. तिथून ते राजपुतांच्या हवेल्यांत गेले आणि उत्तरेत मोहिमा करणाऱ्या मराठा सरदारांबरोबर दख्खनेतही आले. तिकडे संगमरवरात आणि दगडात घडलेला हा आकार इकडे सागात उतरला. इथल्या सुताराने त्यात आपली भर घातली. दोन खांबांच्या मध्ये त्याने पाकळ्यापाकळ्यांची महिरप बसवली आणि तिच्या टोकाला केळफूल लोंबते ठेवले. केळफूल काही आग्र्याचे नव्हे. ते आपल्या परसातले.

‘महिरप’ हा शब्द मराठी माणसाला इतका घरचा वाटतो की गौरी-गणपतीच्या आराशीतही तो सहज येतो. मूळ शब्द अरबी ‘मेहराब’. मशिदीच्या किब्ल्याकडच्या भिंतीत, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेच्या भिंतीत, कमानीचा जो कोनाडा असतो तो मेहराब. नमाजाच्या वेळी इमाम तिथे उभे राहतात. रमजानमध्ये रात्रीच्या तरावीहच्या नमाजात महिनाभर तिथूनच कुरआन ऐकवले जाते. मशिदीतल्या मेहराबाला एकच दिशा असते. वाड्यातली महिरप चौकाच्या चारही बाजूंना तोंड करून असते, तिला दिशेचे बंधन नाही.

दोघींत आणखी एक फरक आहे आणि तो जाणकार गवंडीच सांगू शकतो. विटेची किंवा दगडाची खरी कमान भार पेलते. एकेक वीट शेजारणीला दाबून धरते आणि वरचे ओझे दोन्ही बाजूंना उतरवून देते. वाड्यातली लाकडी महिरप काहीच पेलत नाही. भार वरच्या तुळईवर असतो, महिरप ही खांबांच्या मध्ये ठोकलेली कोरीव फळी असते. उद्या ती काढली तर वाडा पडणार नाही. तरीही दोनशे-अडीचशे वर्षे कुणाला ती काढावीशी वाटली नाही, कारण तिच्याशिवाय दिवाणखाना दिवाणखान्यासारखा दिसत नाही. नुसते रूप आवडले म्हणून ते ठेवून घेतले, एवढीच ती गोष्ट.

आणि दिवाणखाना तरी कुणाचा शब्द? दालन, मजला, इमारत, हौद, गच्ची, गिलावा, तावदान, फरसबंदी, कुलूप हे सगळे फारसी-अरबीतून आलेले. जोते, खांब, तुळई, ओसरी, माजघर, देवघर हे आपल्या मातीतले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. ते काम फार मोठे होते. पण ओळंबा हातात धरलेल्या माणसाला कोश पाहायला सवड नसते. त्याने देवघर आणि दिवाणखाना एकाच छपराखाली बांधला आणि दोन्ही नावे चालू ठेवली.

इथपर्यंतची गोष्ट सुखाची आहे. पुढची नाही.

सरकारवाडा वाचला कारण त्याला वारस नाहीत. तो सरकारचा. आसपासच्या बोळांत, तिवंध्यापासून काझीपुऱ्यापर्यंत आणि नदीपलीकडे पंचवटीत जे खासगी वाडे उभे आहेत, त्यांचे मरण वारस फार असल्यामुळे ओढवते. एका पिढीत चार भाऊ, पुढच्या पिढीत चौदा हिस्सेदार, तिसऱ्या पिढीत काही पुण्यात, काही परदेशात. मुस्लिम घरांत वाटणी शरियतच्या हिशेबाने होते. मुले असतील तर पत्नीला आठवा हिस्सा, मुलाला मुलीच्या दुप्पट. दोन-तीन मृत्यूंनंतर एका खणाचे मालक मोजायला अपूर्णांकाचे गणित लागते. हिंदू कुटुंबात कायदा वेगळा, पण निष्पत्ती तीच. चौकात विटेची आडभिंत उभी राहते, ओसरी पत्र्याने बंद होते, एकाच्या वाट्याला जिना येतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला वरचा मजला.

त्यात भाडेकरू. १९४७ च्या भाडे कायद्याने गोठवलेली भाडी कित्येक ठिकाणी अजून शेकड्यातच आहेत. त्या भाड्यात मालक कौलेही बदलू शकत नाही, आणि भाडेकरू जागा सोडली तर हक्क जाईल या भीतीने गळक्या खोलीत राहतो. दोघांचीही बाजू खरी आहे. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक घरांना नोटिसा देते. नोटीस भिंतीला चिकटवली जाते, फोटो काढला जातो आणि पुढे ज्याचे त्याने बघायचे. नोटिशीत घर किती धोक्याचे आहे हे असते. ते किती मोलाचे आहे हे लिहायला तिच्यात रकाना नाही. मग एखाद्या जुलैच्या रात्री भिंत कोसळते, सकाळी चार ओळींची बातमी येते. खांब आणि महिरपी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात आणि पुढे कुठल्या तरी हॉटेलच्या दारात शोभेला उभ्या राहतात. तिथेही त्या काहीच पेलत नाहीत.

नदीकाठची काझी गढी हे याचे सगळ्यात दुखरे उदाहरण. ही मातीची जुनी गढी. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिकच्या मातीच्या गढीवर उत्खनन केले तेव्हा सातवाहन काळाच्याही मागे जाणारे वस्तीचे थर सापडले. म्हणजे हे शहर ज्या ढिगावर रुजले तोच हा ढीग. आज तिच्या कडेला दाटीने घरे आहेत. दर पावसाळ्यात कडा ढासळते, रहिवाशांना तात्पुरते हलवले जाते, पाऊस थांबला की लोक परततात. संरक्षक भिंतीची मागणी किती जुनी आहे हे तिथल्या कुठल्याही घरात विचारावे. जागा सोडा असे सांगणे सोपे आहे. जिथे रोजीरोटी आणि शाळा पायी अंतरावर आहे ते घर सोडून गावाबाहेरच्या सदनिकेत जाणे तितके सोपे नाही.

रमजानमध्ये बहुतेक मुस्लिम कुटुंबे जकातीचा हिशेब करतात. नाशिककरांना जकात म्हटले की शहराच्या वेशीवरचा नाका आणि ट्रकांची रांग आठवते. ती जकात २०१३ मध्ये गेली. ही जकात वेगळी. वर्षभर शिल्लक राहिलेल्या पैशाचा आणि सोन्या-चांदीचा अडीच टक्के भाग गरजूंना द्यायचा. या हिशेबात एक साधा नियम आहे. राहत्या घरावर जकात नाही. ते कितीही मोठे असो, कितीही मोक्याच्या जागी असो, त्याची किंमत धरत नाहीत. पण तीच वास्तू विकून नफा मिळवायचा म्हणून कुणी घेतली असेल तर ती व्यापारी माल ठरते आणि तिच्या बाजारभावावर जकात लागते. विटा त्याच, खांब तेच. जुन्या नाशकातल्या एकेका वाड्याचे सध्या जे चालले आहे ते या दोन रकान्यांच्या मधले आहे. आत एक आजी राहते, म्हणून ते घर आहे. बाहेर बिल्डर चौकशी करून जातो, म्हणून तो माल आहे.

सगळे वाडे वाचतील असे कुणी म्हणत नाही, आणि सगळे वाचवावेत असेही नाही. हवा-उजेड नसलेल्या, वाळवीने पोखरलेल्या खोलीत कुणाला केवळ वारशासाठी ठेवणे हा जुलूमच. पण पाडायच्या आधी वाड्याची मापे घेऊन नकाशा करणे, महिरपींचे फोटो काढणे, कुणाकडून कुणाकडे तो गेला हे घरातल्या म्हाताऱ्यांकडून लिहून घेणे, याला फार पैसा लागत नाही. शहरात आर्किटेक्चरची महाविद्यालये आहेत. एका पावसाळ्याआधी एक बोळ एवढे काम मुलांना देता येईल.

आणि जे वाडे तगू शकतात त्यांच्यासाठी वेळ हीच आहे. यंदा रमजान उन्हाळ्याच्या तोंडावर आला आहे. पावसाला अजून अवधी आहे. कौले चाळून घेणे, पन्हाळी साफ करणे, तुळईचे भिंतीत गेलेले टोक उघडून कुजले आहे का पाहणे, ही कामे कोरड्या दिवसांतच होतात. एक चूक मात्र घरोघरी होते. पोपडे सुटलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारतात. चार महिने भिंत नव्यासारखी दिसते. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडून ठेवते. मग माती फुगते, लाकडाचे टोक सडते आणि एक दिवस वरून धडधाकट दिसणारी भिंत आतून मोकळी झालेली असते. पूर्वी चुना घाणीत मळून, भिजवून मुरवत आणि त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचे पाणी घालत. असे काम हाताने केलेले गवंडी आता फार थोडे उरले आहेत आणि त्यांची मुले टाइल्सच्या कामावर जातात. त्यात पैसा लवकर मिळतो, त्यांना तरी काय बोलावे.

मगरीबची अजान झाली की दूध बाजारातली गडबड क्षणभर थांबते. खजूर तोंडात जातो, पाण्याचे ग्लास हातोहात पुढे सरकतात. उताराच्या रस्त्यावर विक्रेत्यांची लाकडी टेबले सरळ उभी राहत नाहीत, म्हणून पायाखाली कुणी दगड लावतो, कुणी वीट. त्यातली एखादी वीट आजच्या विटेपेक्षा बरीच पातळ असते आणि तिच्या एका अंगाला अजून पांढरा चुना चिकटलेला असतो.